आधीचं झालं की पुढचं

माझी मागणी एका वाक्याची होती. आधीचं काम झालं की त्यानंतर अमुक दिवसांनी पुढच्या कामाची तारीख लागावी. बस्स. कुठल्याही माणसाला हे सांगितलं तर तो ‘बरं’ म्हणतो. मोबाइलमधलं कामांच्या यादीचं ॲप म्हणालं, ‘ड्यू डेट निवडा.’

खोलीला रंग द्यायचा होता. या प्रकारात क्रम सोडून चालत नाही. आधी भिंत खरवडायची, मग लांबी म्हणजे पुट्टी भरायची, ती वाळली की पॉलिशपेपरने घासायची, मग प्रायमर, मग रंगाचा पहिला हात, मग दुसरा. ॲपने प्रत्येक कामासमोर कॅलेंडर उघडून धरलं आणि मी तारखा वाटत सुटलो. सोमवारी खरवडणं, मंगळवारी लांबी, गुरुवारी घासणं. यादी इतकी देखणी झाली की रंग देऊन झाल्यासारखंच वाटायला लागलं.

सोमवारी खरवडणं झालं नाही. कारण काही मोठं नव्हतं, कंटाळा आला. मंगळवारी ते काम लाल झालं, हे रास्तच. पण बुधवारी लांबीही लाल! आता यात लांबीचा काय दोष? न खरवडलेल्या भिंतीवर लांबी थापण्याचा मूर्खपणा केला नाही म्हणून शाबासकी राहिली बाजूला, वर ‘मुदत उलटली’. हळूहळू सगळी यादी लालेलाल. ज्या दुसऱ्या हातासाठी मी अजून रंगही ठरवला नव्हता, तोसुद्धा माझ्याकडून थकला होता. ॲपच्या चित्रावरचा तो लाल आकडा पाहून कोणीही म्हटलं असतं, या गृहस्थाने सहा कामं बुडवली. मी एकच बुडवलं होतं. उरलेल्या पाचांचा तर अजून नंबरच लागला नव्हता.

सुटकेसाठी एक बटण होतं, ‘थकलेली सगळी कामं आजवर आणा’. ते दाबलं. ॲपच्या मते आता खरवडणं, लांबी, घासणं, प्रायमर आणि रंगाचे दोन्ही हात आजच व्हायचे होते. लाल रंग मात्र गेला, हे कबूल करायला हवं.

शेवटी दादाला विचारलं. तो मोठमोठ्या प्रकल्पांची वेळापत्रकं करतो. यादी बघून रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरच्या सुरात म्हणाला, ‘‘अरे, तुझ्या कामांना डिपेंडन्सीच नाहीत.’’ म्हणजे कोणतं काम कोणावर अवलंबून आहे, ते ॲपला सांगितलेलंच नाही.

मग त्याने मला १९५७ साली नेलं. ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी क्रिटिकल पाथची पद्धत बसवली. कोणतं काम लांबलं की सगळा प्रकल्प लांबतो, ते तीतून कळतं. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पाणबुडीतून डागायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही तिची भावंड शोभणारी पद्धत आणली. मी म्हटलं, ‘‘दादा, मला एकच खोली रंगवायची आहे.’’ तो म्हणाला, ‘‘तत्त्व तेच.’’

डिपेंडन्सी चार प्रकारच्या असतात. आधीचं संपलं की पुढचं सुरू, हा फिनिश-टू-स्टार्ट. माझी मागणी तीच, पण एवढ्यावर थांबेल तो दादा कसला! स्टार्ट-टू-स्टार्ट आणि फिनिश-टू-फिनिश समजले असं मी दाखवलं. चौथा स्टार्ट-टू-फिनिश. पुढचं सुरू झाल्याशिवाय आधीचं संपवता येत नाही, जसा सकाळचा पहारेकरी आल्याशिवाय रात्रीच्याला घरी जाता येत नाही. हा प्रकार कोणीच फारसा वापरत नाही असं त्याने सांगितलं, तेही भरपूर वेळ घेऊन.

दोन कामांमधल्या सक्तीच्या थांब्याला लॅग म्हणतात. लांबी वाळायला मी दोन दिवसांचा लॅग दिला. ॲपने तो कामाच्या दिवसांत मोजला. शुक्रवारी भरलेली लांबी शनिवार-रविवारी सुट्टीवर गेली आणि सोमवारपासून वाळायला लागली. वाळणाऱ्या वस्तूंना सुट्टी नसते हे सांगण्यासाठी ‘इलॅप्स्ड’ नावाची वेगळी खूण करावी लागते. म्हणजे मी सोडून त्या खोलीत सतत काम करणारं कोणीतरी आहे, हे ॲपला लेखी कळवावं लागतं.

पुढे सामान हलवायचं राहिलंय हे लक्षात आलं. सामान बाहेर काढायला बाहेरची खोली मोकळी हवी, ती मोकळी करायला तिथली पुस्तकं आतल्या खोलीत न्यायला हवीत आणि आतल्या खोलीत सामान आहे. ही साखळी भरताच ॲपने ‘वर्तुळाकार डिपेंडन्सी’ म्हणून ती फेटाळली. घरात हे वर्तुळ कित्येक वर्षं सुखाने नांदतं आहे.

‘‘प्रत्येक कामाला किती दिवस लागतील ते प्रामाणिकपणे लिही,’’ दादा म्हणाला. प्रामाणिकपणाचं सांगू नये. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली छापलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवस, सगळं वाईटात वाईट घडलं तर ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे आपण स्वतःबद्दल जे वाईट चिंततो, तेही आशावादीच असतं. मी खरवडण्यापुढे अर्धा दिवस लिहिलं.

अखेर साखळी जुळली. एकेका कामावर ‘झालं’ अशी खूण केली की पुढच्याची तारीख आपोआप लागणार. मला हवं होतं तंतोतंत तसं. फक्त पहिल्या कामाआधी कोणतंच काम नसल्यामुळे त्याची तारीख ॲपला काढता येईना. ती मीच द्यायची होती. मी ती जागा रिकामी ठेवली. तेव्हापासून यादीत एकही काम लाल नाही.

परवा दादाने विचारलं, ‘‘काय रे, रंग कधी पूर्ण होतोय?’’

मी मोबाइल पुढे धरला. सुरुवात केल्यापासून नवव्या दिवशी.