‘तीनदा नेली तरी गाडी बंदच पडते’ : पिकअपवाल्या दादांना गॅरेजकडून उत्तर

दादा नमस्कार, रबाळ्याच्या गॅरेजचा मालक बोलतोय. उत्तर द्यायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी लिहायला बसलो तेव्हा डोकं गरम होतं, ते पाठवलं नाही तेच बरं झालं.

तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय की तीन वेळा गाडी आणली, ११,४०० रुपये गेले आणि गाडी तरी गायमुखच्या चढाला बंद पडते, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) उगाच बदलले, इथे शिकाऊ पोरं लोकांच्या गाड्यांवर हात बसवून घेतात. आणि सगळ्यात खाली एक ओळ आहे, ‘डिझेल फुल मारलं की दोन दिवस मस्त चालते, मग परत तेच.’ ही ओळ मी पाच वेळा वाचली. अहो हे तुम्ही तिन्ही वेळेला एकदाही बोलला नाहीत! पण तुमच्यावर ढकलत नाही. बंद पडते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं हे विचारणं माझं काम होतं आणि मी विचारलं नाही.

नोझलचं आधी सांगतो. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा बंद पडायची तक्रारच नव्हती, स्लोला गाडी थरथरते, मिसिंग मारते आणि धूर काढते अशी होती. तुमच्या समोरच नोझलला डिझेल नेणाऱ्या एकेक नळीचा नट सैल करून दाखवला, तीन नंबरचा सैल केला तर आवाजात काडीचा फरक नाही, म्हणजे तो सिलिंडर झोपलेला. (वाचणाऱ्यांपैकी कोणी हे कॉमन रेलच्या, म्हणजे नवीन पद्धतीच्या डिझेल गाडीला करायला जाऊ नका, तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि डिझेल कातडी फोडून आत घुसतं. हे जुन्या पंपाच्या गाडीपुरतंच.) चारही नोझल तपासायच्या बेंचवर लावले, टिपा बदलून प्रेशर सेट केलं, ६,२०० झाले. त्यानंतर गाडीचं थरथरणं थांबलं की नाही? तुमच्या रिव्ह्यूत थरथरण्याबद्दल एक अक्षर नाहीये. तेव्हा ते पैसे मी बरोबर घेतले असं मला वाटतं.

दुसऱ्या वेळी मात्र आम्ही कमी पडलो. तुम्ही सकाळी ११ ला आलात, गाडी रिकामी, आणि येताना पंपावर टाकी फुल करून आलात. ठाणे-बेलापूर रोडला आम्ही चाळीस मिनिटं फिरवली, दिघ्यापर्यंत जाऊन आलो, एकदा पण बंद पडली नाही. फिल्टरच्या खालून थोडं पाणी निघालं, पावसाळ्याचे दिवस, म्हटलं हेच असणार, फिल्टर बदलला आणि १,४५० घेऊन गाडी दिली. पाणी होतं हे खरं, फिल्टर बदलायला झालाच होता हे पण खरं, पण बंद पडायचं कारण सापडलं नव्हतं आणि तसं तुम्हाला सरळ सांगायला पाहिजे होतं.

तिसऱ्यांदा मी गावाला होतो. तुम्हाला रात्री दोन वाजता वाशी मार्केटला माल भरायचा होता, गॅरेजच्या पोराने एक दिवस गाडी ठेवा म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात, धंदा आहे, समजू शकतो. मग त्याने घाईत फीड पंप (टाकीतून डिझेल ओढतो तो) बदलून दिला, ३,७५०. जुना पंप मी आल्यावर तपासला दादा, तो चांगला आहे. हे पैसे मी परत देतोय, नवीन पंप गाडीतच राहू दे.

आता मूळ गोष्ट. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ही ओढणारी बाजू. पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर येतं, खाली थेंब दिसतात, कोणालाही कळतं. पण मागच्या बाजूला भेग असेल तर डिझेल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते, जमीन कोरडी ठणठणीत आणि गाडी एअर पकडून बंद. तुमच्या टाकीत आतून जी नळी तळापर्यंत उतरते तिला मध्येच कुठेतरी भेग किंवा गंजून भोक पडलं असणार असा माझा अंदाज आहे. डिझेल भेगेच्या वर आहे तोवर ती डिझेलच ओढते, काही होत नाही. डिझेल भेगेच्या खाली गेलं की हवा ओढायला लागते, त्यात मागे माल, समोर चढ आणि पायाखाली फुल रेस, म्हणजे डिझेल पाहिजे सगळ्यात जास्त तेव्हाच कमी येतं. थोडा वेळ उभी करून हॅन्ड पंप मारून हाताने डिझेल ओढलं की परत चालू होत असेल, बरोबर ना?

अजून दोन शक्यता आहेत. टाकीच्या वरच्या रबरी होजला चिरा, नाहीतर टाकीची हवेची वाट बुजलेली. दुसरी तुम्हीच बघू शकता, बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा, फुस्स करून हवा आत गेली आणि मग गाडी चालू झाली तर झाकणातच दोष.

दुसऱ्या कोणी तुम्हाला इंजिन उतरवायला सांगितलंय, ३५ हजार, असंही लिहिलंय. दादा थांबा जरा. कॉम्प्रेशन गेलेलं, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट न दाबणारं इंजिन रोज सकाळी चालू व्हायला त्रास देतं, ऑइलच्या झाकणातून धूर मारतं, ते डिझेल भरल्याने दोन दिवसांसाठी बरं होत नाही.

आणि पोरांबद्दल. तुमच्या गाडीवर होता तो पोरगा आयटीआयला मेकॅनिक डिझेल करून आलाय, चार वर्षं माझ्याकडे आहे. घाईत पंप बदलला ही चूक त्याची, त्याला परवानगी देऊन ठेवली होती ही माझी. मला काय बोलायचं ते बोला, त्याने हा रिव्ह्यू वाचला आणि दिवसभर जेवला नाही.

रविवारी या, मी स्वतः असेन. पंपाच्या आधी पारदर्शक नळी लावतो, तुम्ही शेजारी उभे राहा, बुडबुडे दिसतात का ते दोघं मिळून बघू. मग पाच लिटरचा कॅन बांधून थेट त्याच्यावर गाडी फिरवू, कॅनवर चालली आणि टाकीवर बंद पडली तर भांडणच मिटलं. तपासायचे पैसे नाहीत, नळी बदलावी लागली तर फक्त नळीचे घेईन.

तोपर्यंत घोडबंदरला माल घेऊन जाताना टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, चढावर इंजिन बंद झालं की ब्रेक एक-दोनदाच नीट लागतो, मग दगडासारखा होतो. फक्त रविवारी माझ्याकडे येताना डिझेल भरून येऊ नका, पाव टाकीवर आणि माल न भरता आणा.