‘क्लॅश शून्य’ लिहिलं आणि बीम आडवा आला : आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या कामाच्या रिव्ह्यूत तुम्ही एक स्टार दिलात. थ्रीडी मॉडेलचे वेगळे पैसे घेऊनही बीम ड्रेनेजच्या पाइपला आडवा आला, तो प्लंबरने दाखवला, कॉलम बेडरूममध्ये बाहेर आले, साध्या बदलाला चार दिवस लागले आणि आर्किटेक्ट व आम्ही एकमेकांकडे बोट दाखवत बसलो, असं तुम्ही लिहिलंय. बीम-कॉलमच्या त्या ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून सही माझी आहे, म्हणून उत्तरही मीच लिहितो.

आधी बीम. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकण्याआधी आम्ही तुम्हाला रिपोर्ट पाठवला, त्यावर ‘क्लॅश शून्य’, म्हणजे मॉडेलमध्ये काहीच एकमेकांना धडकत नाही, असं लिहिलं होतं. आर्किटेक्टचं मॉडेल आणि आमचं आरसीसी मॉडेल (बीम, कॉलम, स्लॅबचं) एकमेकांवर ठेवून आम्ही तपासलं, एवढाच त्याचा अर्थ. प्लंबिंगचं मॉडेल त्यात नव्हतंच. पीडीएफ होती, आणि तिच्यात पाइप म्हणजे एकेरी रेघ. रेघेला जाडी नसते, उतार नसतो, ती संगणकात कशालाच धडकत नाही. साइटवरचा पाइप मात्र ११० मिमीचा, आणि चार मीटर धावताना उतारापायी आणखी पाच-सात सेंटिमीटर खाली उतरणारा. ‘यात प्लंबिंग तपासलेलं नाही’ हे वाक्य रिपोर्टच्या पहिल्या ओळीत हवं होतं. ते नव्हतं. तुम्ही शून्य वाचलंत आणि स्लॅब टाकलात. मीही तेच केलं असतं.

शिवाय आर्किटेक्टनी टॉयलेटचा डक्ट (पाइप खाली नेणारी उभी पोकळी) दीड फूट सरकवलेली रिव्हिजन स्लॅबच्या आठ दिवस आधी पाठवली होती, आणि आमच्या मॉडेलला जुनीच फाइल जोडलेली राहिली. नवी फाइल रीलोड करायला एक मिनिट लागतं. बदललेल्या जागेभोवती त्यांनी क्लाउड, म्हणजे बदल दाखवणारी ढगासारखी खूण, मारला नव्हता हे खरं, पण तेवढ्यावरून आम्ही जुन्या प्लॅनवर काम करावं असं होत नाही. साइटवर त्या दिवशी मी आर्किटेक्टचं नाव घेतलं, ते चुकलं. त्यांना मी फोन करून सांगितलंय, इथेही सांगतो.

आता ज्यावरून आपला खटका उडाला ते कोअर कटिंग, म्हणजे तयार बीमला मशीनने आरपार भोक पाडणं. ठेकेदार म्हणाला, एक भोक तर पाडायचंय, अर्ध्या तासाचं काम. भोक कुठे पाडायचं होतं ते बघा : २३० × ६०० मिमीच्या बीमला, कॉलमच्या तोंडापासून जेमतेम फूटभर. बीमवरचा शिअर (बीम कापू पाहणारा जोर) तिथेच सगळ्यात जास्त असतो. भूकंपात बीमची खरी परीक्षाही तिथेच होते, म्हणून आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकानुसार कॉलमपासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत रिंगा (सळयांभोवतीची लोखंडी कडी) दाट घालाव्या लागतात. कोअरच्या मशीनला रिंग आणि काँक्रीट यातला फरक कळत नाही, ते दोन्ही कापतं. तेव्हाही नाही म्हणालो, आजही नाहीच म्हणेन. स्लीव्ह (पाइपसाठी बीममध्ये आधीच ठेवलेली नळी) द्यायचीच तर स्लॅब टाकण्याआधी द्यायची. गाळ्याच्या, म्हणजे दोन कॉलममधल्या अंतराच्या, मधल्या भागात, बीमच्या उंचीच्या साधारण मध्यावर, भोवती जादा सळई घालून.

कॉलमच्या बाबतीत मी माफी मागणार नाही. तुमच्या भिंती १५० मिमीच्या ब्लॉकच्या आहेत. २०१६ च्या भूकंप-नकाशात पुणे तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि तिथे १३९२० ची २०१६ ची आवृत्ती ३०० मिमीपेक्षा बारीक कॉलम चालवून घेत नाही. म्हणजे तो कुठेतरी सहा इंच बाहेर येणारच. शक्य तिथे आम्ही तो फिरवून वॉर्डरोबच्या किंवा डक्टच्या बाजूला नेला. तीन कॉलम उरले. पूर्वी नऊ इंची भिंतीत २३० चे कॉलम बसायचे आणि फ्लॅट घेणाऱ्याला ते दिसायचेही नाहीत, हे मलाही आठवतं. पण २००१ च्या भूकंपात भूजपासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत खाली पार्किंग असलेल्या इमारती बसल्या, तेही आठवतं. तुमच्या इमारतीलाही खाली पार्किंगच आहे.

चार दिवसांचं. ‘कॉलम फक्त नऊ इंच सरकवा’ असा तुमचा मेसेज होता. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये ते एका क्लिकचं काम. आमचं हिशोबाचं मॉडेल ईटॅब्स या भार मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं, ते त्या क्लिकने हलत नाही. सात मजल्यांचा तोच कॉलम खाली फूटिंगपर्यंत (पायापर्यंत) जातो, दोन्ही बाजूंच्या बीमचे गाळे बदलतात, फूटिंगवर भार एका बाजूला पडतो, आणि पार्किंगमध्ये गाडी वळेल का हे आर्किटेक्टना पुन्हा बघावं लागतं. अडीच दिवस आमचे गेले, उरलेला वेळ त्या पार्किंगच्या होकारात.

एक गोष्ट तुमच्याकडची. प्लंबिंग कन्सल्टंटची नेमणूक प्लिंथ झाल्यावर झाली. त्यामुळे सेंटर लाइन, म्हणजे कॉलमच्या जागा, ठरवताना पाइपांच्या बाजूने बोलणारं टेबलावर कुणीच नव्हतं. आम्ही तेव्हाच अडून बसायला हवं होतं. कामाला उशीर नको म्हणून बसलो नाही.

दुसऱ्या मजल्यावर पाइप आता संक स्लॅबमधून (टॉयलेटखालच्या खोलगट स्लॅबमधून) खाली काढून बीमच्या खालून डक्टमध्ये नेलाय. त्यासाठी पहिल्या मजल्यावरच्या दोन टॉयलेटना फॉल्स सीलिंग करावं लागेल, त्याचा खर्च आमच्या शेवटच्या बिलातून वजा करा. वरच्या मजल्यांची ड्रॉइंग नव्याने दिली आहेत, त्यांचे पैसे लावणार नाही. प्लंबिंगचं मॉडेल आता आम्हीच त्या पीडीएफवरून उभं करतोय, खऱ्या जाडीचं आणि उतारासकट.

तिसऱ्या मजल्याचं शटरिंग लागलं की कळवा, सळई बांधण्याआधी मी साइटवर येतो. प्लंबरलाही बोलवा. त्याच्याकडे फाइल नसली तरी चालेल, मोजमापं लिहिलेला कागद आणू दे.