पेटीच्या माइकची चूक आमची, उशिराची नाही

नमस्कार ताई,

आमच्या दुकानातून घेतलेल्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या बाहेरच्या साउंड कार्डाला, तुम्ही दिलेले दोन स्टार आणि तक्रारी वाचल्या. गाताना स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येतो, पेटीच्या माइकमधून नुसती कुजबुज येते, गुणगुण थांबत नाही, आणि ‘यापेक्षा लॅपटॉपमधलं साउंड कार्डच बरं होतं’.

पेटीच्या माइकचं म्हणणं खरं आहे. तुम्ही ‘घरी भजनं रेकॉर्ड करायचीत’ म्हणालात, तेव्हाच काउंटरवरच्या मुलाने वाद्यं कोणती, माइक किती, हे विचारायला हवं होतं. त्या इंटरफेसला समोर दोन इनपुट दिसतात, पण माइकचं एकच. दुसरं गिटारसाठी. त्यात कनेक्टर लावून माइक खोचला की माइकचा प्रीअँप, म्हणजे त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, मिळत नाही, म्हणून ती कुजबुज. तुमचा माइक डायनॅमिक आहे, त्याला बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सर असता तर तेवढंही ऐकू आलं नसतं, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट त्या इनपुटला येतच नाहीत.

उशिराचा दोष मात्र कार्डाला देऊ नका. तुम्हीच टाकलेल्या फोटोत बफर (कंप्युटर आवाजाचे किती नमुने साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा) १०२४ वर आहे आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, विंडोजचा. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने असताना, १०२४ म्हणजे २३ मिलिसेकंद, जाता-येता मिळून ४६. एवढ्याने कोणीही तालातून सुटेल. कंपनीचा स्वतःचा एसिओ (कमी उशिरासाठी बनवलेला) ड्रायव्हर टाका आणि बफर १२८ करा, उशीर सहा-सातवर येईल. आवाज तडतडला तर २५६. नाहीतर समोरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा, म्हणजे आवाज कंप्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. फक्त तेव्हा सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर दोनदा ऐकू येईल.

गुणगुणीसाठी एकदा चार्जर काढून बॅटरीवर गाऊन बघा. थांबली, तर घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. चार्जरची तिसरी पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल.

आणि हो, खोक्यावरच्या १९२ किलोहर्ट्झचं आमच्या मुलाने भरपूर कौतुक केलं असणार. भजनाला ४८ पुरे. बिट, म्हणजे प्रत्येक नमुन्याची बारकाई, मात्र २४ ठेवा; मग लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तरी चालते आणि तार सप्तकात आवाज फाटत नाही.

आता आमच्या चुकीचं. खोकं, बिल आणि लॅपटॉप घेऊन या. दोन माइकचा इंटरफेस बदलून देतो. वापरला म्हणून एक रुपया कापणार नाही, फक्त किमतीतला फरक द्या. ड्रायव्हर मी स्वतः टाकून देईन. गुरुवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी दुपारी गर्दी कमी असते. पेटी आणणं जमलं तर दोन्ही माइक लावून इथेच एक अभंग रेकॉर्ड करून बघू.