गाव नाय, तर 'कर' कसलो?

गेल्या दिवाळी अंकातल्या माझ्या कथेत एक चोर होता. त्याला सहज सुचलेलं नाव दिलं, ते नेमकं एका चुलत्याचं निघालं. शिमग्याला पालखीपुढे त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली, ती अजून तशीच आहे. आमच्याकडे नावं ठेवणारे घरटी चार; नाव ठेवायचं म्हटलं की मी एकटा. म्हणून पुण्याच्या भाच्याने एक प्रोग्राम करून दिला. एका यादीत पन्नास नावं, दुसरीत शंभर आडनावं. बटण दाबलं की कुठलंही एक कुठल्याही एकाला चिकटतं. म्हणजे पाच हजार माणसं फुकट. ती पाचही हजार सिंधुदुर्गात हयात आहेत, हे त्याला पुण्यात बसून काय कळणार!

काल यंदाच्या कथेतल्या चोराला नाव शोधत खळ्यात लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि वर माडावर नारळ पाडणारा पाडेली होता. मला मोठ्याने वाचायची खोड.

"सुभाष धुरी," मी म्हणालो.

धप्प. नारळ.

"तो माझो साडू!" वरून आवाज. "तेका बुडवू नकात, तेच्याकडसून माझे पैशे येवचे आसत."

"विलास गावडे."

धप्प. "कुठलो? तिठ्यावरचो काय बांदावरचो?"

वैतागून मी दुसरं बटण दाबलं. हे यादीतलं नाव उचलत नाही, कुठल्या अक्षरामागे कुठलं अक्षर येतं ते मोजून नवीनच आडनाव जुळवतं. मार्कोव्ह नावाच्या रशियन गणितज्ञाने १९१३ साली एका काव्यातली २०,००० अक्षरं अशीच मोजली होती, स्वर किती नि व्यंजनं किती. त्याच्या डोक्यावर माड नव्हता, म्हणून जमलं.

पडद्यावर आलं: दत्ताराम चिंगुर्लेकर. चिंदरकराचं तोंड, वेंगुर्लेकराची शेपूट. असा माणूस पृथ्वीवर नाही!

वर शांतता. नारळही पडेना.

"मास्तरानू, ह्या चिंगुर्ला खंय येता?"

"कुठेच नाही रे. कंप्युटरने केलंय."

"केलेला आसला तरी गाव नको? गाव नाय, तर 'कर' कसलो?"

"देवगडात," मी सुटका म्हणून ठोकून दिलं.

"देवगडात माझी भयण दिलेली आसा." एक हात झावळीला, दुसऱ्याने खिशातला मोबाइल. मला घरात बसून रेंज मिळत नाही, ह्याला माडाच्या शेंड्यावर चारही दांड्या. "गो बाय, चिंगुर्लेकर म्हणून कोण आसत काय थंय?"

बराच वेळ नुसतं हूं, हूं.

"आसत," तो खाली बघून म्हणाला. "मुंबैक रवतत, लालबागाक. गणपतीक येतत फकत. चांगली माणसा. तेंका चोर कित्याक करतास?"

यावर काय बोलणार? कथेत चोर अजून 'तो'च आहे. संपादकांचा तिसरा फोन येऊन गेला. मानधनाचा विषय त्यांनी तिन्ही वेळा काढला नाही. गेल्या वर्षीचंच यायचंय, आणि आलं तरी चार माडांच्या पाडपात संपेल. माडावर चढणाऱ्याला रोख आणि वर माडामागे एक नारळ. लिहिणाऱ्याला अंकाची एक प्रत, तीही टपालात चेमटलेली.

खाली उतरल्यावर पाडेल्याने आपला नारळ उचलला. मग आणखी एक.

"हा कशाचा?"

"फोनाचो."