काही झालं नाही ना, मग?

भाच्याला अठरा पूर्ण झाली, त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. "त्याचं लर्निंग काढून झालं गं. पक्कं महिन्याभराने. एजंटशी बोलून ठेवलंय." परीक्षा कशी गेली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ऑनलाइनच असते आता. एजंटच्या पोराने देऊन टाकली. पंधरा तर प्रश्न." मी गप्प झालेली तिला कळलं असावं. लगेच म्हणाली, "तूसुद्धा असंच काढलं होतंस की! इतकी वर्षं चालवलीस. काही झालं का? नाही ना, मग?"

तिचं खोटं नव्हतं. 2006 साली मी लायसन्स 'काढलं', म्हणजे जातीचा दाखला काढतात, रेशनकार्ड काढतात, तसं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती 800 वर पंधरा दिवस क्लच-गिअर शिकले. टेस्टच्या दिवशी मैदानावर गाडी सरळ नेली, थोडी मागे घेतली, आणि खिडकीबाहेरूनच साहेबांनी कागदावर सही केली. मी सिग्नल बघते की नाही, आरशात बघते की नाही, हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. पुढे पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवली, एक्स्प्रेस वेने मुंबईला गेले, वरंध घाटातून कोकणात उतरले. "हात चांगला बसलाय हिचा," असं सासरे कौतुकाने सांगायचे.

2021 मध्ये आम्ही इंग्लंडला, रेडिंगला राहायला आलो. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, नंतर इथली परीक्षा द्यावीच लागते. आधी लेखी परीक्षा: 50 प्रश्न, त्यातले 43 बरोबर यायला हवेत. ती पाठांतराने होते. तिला जोडूनच दुसरा भाग असतो, तो मात्र मला फार मोलाचा वाटतो. रस्त्याच्या 14 चित्रफिती दाखवतात आणि धोका तयार व्हायला लागल्याचं दिसलं की माउसचं बटण दाबायचं. जितक्या लवकर ओळखाल तितके जास्त गुण, आणि वाटेल तशी बटणं दाबत सुटलात तर त्या चित्रफितीचा शून्य. फुटपाथवरचा मुलगा चेंडू खेळतोय, एवढ्यावर गुण नाही. चेंडू रस्त्याकडे वळला आणि त्याने मान वळवली, की दाबायचं.

गाडी शिकवायला साठीचे एक गृहस्थ यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाऊण तास चालवू दिलं आणि म्हणाले, गाडीवर ताबा आहे, पण तुम्ही फक्त पुढच्या गाडीकडे बघता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला बोलत गाडी चालवायला लावली. दिसेल ते मोठ्याने सांगायचं, आणि त्यावरून काय होऊ शकतं तेही सांगायचं. शाळा सुटल्यावर एका अरुंद गल्लीतून जाताना त्यांनी मला गाडी अगदी सावकाश घ्यायला सांगितली आणि विचारलं, "त्या उभ्या गाड्यांच्या खालून काय दिसतंय?" मी वाकून बघितलं. टायर आणि रस्ता यांच्यामधल्या फटीत दोन छोटे गुलाबी बूट. मूल गाडीआड पूर्ण झाकलेलं होतं, दिसत होते ते फक्त बूट. मी ब्रेक दाबला. ते मूल बाहेर आलंच नाही, आई त्याला पलीकडून फुटपाथवर घेऊन गेली. पण माझे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. पुण्यात अशा किती गल्ल्यांमधून मी चाळीसच्या वेगाने गेले असेन?

तरी पहिल्या टेस्टमध्ये मी नापास झाले. जवळपास चाळीस मिनिटांची टेस्ट, खऱ्या रस्त्यावर, खऱ्या रहदारीत. पंधरापर्यंत किरकोळ चुका चालतात, गंभीर चूक मात्र एकही चालत नाही. माझ्या किरकोळ चुका सहाच होत्या. पण एका ठिकाणी डावीकडे वळताना मी आरशात बघितलं, डाव्या खांद्यावरून मागे बघितलं नाही. मागून एक सायकलवाला सरळ येत होता. तो बराच मागे होता, त्याला ब्रेकही लावावा लागला नाही. शेवटी परीक्षकांनी शांतपणे सांगितलं, ही गंभीर चूक आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "पण काही झालं तर नाही!" ते म्हणाले, "झालं असतं तर तिला धोकादायक चूक म्हटलं असतं. होऊ शकलं असतं, म्हणून ही गंभीर."

ताईच्या फोनवर मला आठवलं ते हे वाक्य. आपल्याकडे काही झाल्यावरच ती चूक ठरते. राँग साइडने आला, काही झालं नाही, म्हणजे तो हुशार. अठराच्या आत पोराच्या हातात गाडी दिली, काही झालं नाही, म्हणजे बाप प्रेमळ.

घरच्या बातम्या मी रोज वाचते. पुण्यात हेल्मेटसक्तीवरचा वाद माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून चालू आहे. 2019 च्या कायद्याने दंड वाढले, तेव्हा महिनाभर चर्चा दंडाचीच. समृद्धी महामार्गावर 1 जुलै 2023 ला सिंदखेड राजाजवळ बस पेटून 25 माणसं गेली, तेव्हा वाद रस्ता चुकीचा की ड्रायव्हर चुकीचा. कल्याणीनगरमध्ये 2024 च्या मे महिन्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण गेले, तेव्हा त्या मुलाला जामीन देताना घातलेल्या 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर सगळा महाराष्ट्र चिडला, आणि चिडायलाच हवं होतं. पण या सगळ्या वादांत लायसन्स देताना आपण नक्की काय तपासतो, हा प्रश्न मला क्वचितच भेटतो. दंड, हेल्मेट, निबंध या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

2022 मध्ये महाराष्ट्रात रस्त्यावर 15,224 माणसं गेली. त्याच वर्षी उत्तर आयर्लंड सोडून अख्ख्या ब्रिटनमध्ये 1,711. आपली लोकसंख्या त्यांच्या साधारण दुप्पट, मृत्यू जवळजवळ नऊपट. हा फरक एकट्या टेस्टमुळे आहे असं मी म्हणणार नाही. रस्त्यांची आखणी, वेळेवर पोहोचणारी रुग्णवाहिका, आपल्याकडची दुचाकींची संख्या, सगळं त्यात आलं. पण "त्यांच्यात शिस्त रक्तातच असते" हे जे आपण म्हणतो ते मला पटत नाही. 1934 साली इथे गाड्या आजच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होत्या, आणि वर्षाला सात हजारांवर माणसं मरत होती. 1935 मध्ये टेस्ट सक्तीची झाली. लगेच सगळं सुधारलं असं नाही, पण शिस्त इथेही एकेक नियम करत आणावी लागली आहे. आणि रक्ताचंच म्हणायचं तर माझं रक्त कुठे बदललं? तेच हात, तेच डोळे. कुणीतरी बघायला शिकवलं आणि न बघितल्याबद्दल नापास केलं, एवढाच फरक.

इथलं सगळं आपल्याला परवडेल असंही नाही. शिकवणीचा एक तास 35 ते 40 पौंडांना पडतो, टेस्टची तारीख मिळायला कित्येक महिने लागतात. ज्याचं पोट उद्यापासून रिक्षावर किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर आहे, त्याला असं ताटकळत ठेवणं अन्याय होईल. मी मागते ते याहून साधं आहे. आपल्या नव्या नियमांत, 2021 पासून, मान्यताप्राप्त केंद्रात हलक्या वाहनाचं 29 तासांचं प्रशिक्षण पूर्ण करून तिथली परीक्षा पास झालं की आरटीओची टेस्ट माफ होते. प्रशिक्षणाचा आराखडा चांगला आहे. पण शिकवणारा आणि पास करणारा एकच, हे मला मान्य नाही. ज्याने फी घेतली तो नापास कशाला करेल? इथे शिकवणारे वेगळे आणि परीक्षक सरकारी नोकर, त्यांचा शिकवणीच्या पैशांशी संबंध नाही. आणि टेस्ट मैदानावर संपू नये. दहा मिनिटं का होईना, परीक्षकाने शेजारी बसून भर बाजारातून गाडी नेऊन दाखवायला लावावी. याला नवा कायदा नको, फार पैसेही नकोत.

ताईशी भांडले नाही. भाच्याला फोन केला आणि एवढंच म्हटलं, परीक्षेचं तुझं तू बघ, पण स्टिअरिंग हातात घेण्याआधी महिनाभर बाबांच्या स्कूटरवर मागे बसून बघ आणि मोठ्याने बोल. तो हसला, हो म्हणाला. करेल असं वाटलं नव्हतं. परवा त्याचा आवाजी मेसेज आला, मागे हॉर्नचा गोंगाट. "मावशी, डावीकडे रिक्षा थांबलीये, आत बाई बसल्यात, त्या उजव्या बाजूने उतरतील... बाबा, जरा हळू... बघ, उतरल्या. पुढे बस. बसच्या पुढून कुणीतरी येणार... दिसत नाहीये अजून, पण येणार."