परदेशातून: चार वर्षांनंतरचं मरण

सैनिक टाकळी ज्या जिल्ह्यात आहे, त्या कोल्हापुरात अग्निपथचा, म्हणजे चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून सैन्यात घ्यायच्या योजनेचा, विषय निघाला की कुणीतरी अमेरिकेचा दाखला देतंच: 'तिथं ग्रीन कार्डवालं पोरगं सैन्यात गेलं तरी जन्माचं कल्याण.' जन्माचं वगैरे काही नाही. चार वर्षं काढून बाहेर पडलेल्याला इथं अमेरिकेतही पेन्शन नाही, त्याला साधारण वीस वर्षं लागतात. नागरिकत्व मिळतं, पण ते घेतलं की भारताचं जातं, आणि परदेशी सैन्यात नोकरी केलेल्याला ओसीआय कार्डही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देणारं) देत नाहीत. पोरगं आईला भेटायला येणार ते व्हिसावर.

खरा फरक पडतो घरी परतल्यावर. अग्निवीराचा 48 लाखांचा विमा सेवेपुरता. चार वर्षं संपली की तोही संपला. माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही. इथला विमा (पाच लाख डॉलरपर्यंत, हप्ता मात्र पगारातून कापून) नोकरी सुटल्यावर 120 दिवस चालतो. 240 दिवसांच्या आत अर्ज केला तर तब्येतीचे प्रश्न न विचारता पुढं चालू ठेवता येतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की सेवेत जडलेल्या आजारानं पुढं कधीही मृत्यू आला, तरी बायकोमुलांना दरमहा भरपाई मिळते. इराक-अफगाणिस्तानात अमेरिकी छावणीचा कचरा उघड्यावर जाळत. त्या धुराशी जोडलेले बरेच कर्करोग आणि श्वसनाचे आजार 2022 च्या पॅक्ट कायद्यानं सेवेमुळेच झाले असं धरलं.

गावाच्या वेशीवर हुतात्मा म्हणून नाव कोरायचं की नाही, यावर आपल्याकडं तासन्‌तास वाद रंगतो. मला विचाराल तर भांडायचंच असेल तर सेवेनंतरच्या मृत्यूलाही भरपाई देणाऱ्या अशा तरतुदीसाठी भांडावं.

अमेरिकी सैन्यातून सुटलेला असा जवान कोल्हापुरात वारला तर भरपाईचा दावा अडतो कागदावर. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. ते डॉक्टरांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात असतं, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागून घ्यावी आणि तिथंच वाचावी. नुसतं 'हृदयक्रिया बंद पडल्याने' लिहिलं असेल तर उपयोग नाही. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. मूळ आजार, म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोग असेल तर तोच, खालच्या ओळीत हवा. सोबत सेवामुक्तीचा डीडी-214 आणि लग्नाचा दाखला. अर्ज मृत्यूपासून वर्षाच्या आत गेला तर भरपाई मृत्यूच्या महिन्यापासून धरतात, उशीर झाला तर अर्ज पोचल्यापासून.