आग लागलीय, असं ओरडणाऱ्याला आधी विचारा: खरंच लागलीय का?

"स्वातंत्र्य आहे म्हणून काहीही बोलायचं का?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. वाक्यात चूक काहीच नाही. मला खटकतं ते हे की ते ऐकवलं कुणाला जातं. लाखो फॉलोअर्स असलेला माणूस धादांत खोटा व्हिडिओ टाकून निवांत झोपतो. आणि कुणी एखादी, जिच्या पोस्टला मोजून आठ लाइक पडतात, तिने साधी शंका विचारली की सगळे तिला जबाबदारी शिकवायला धावतात.

मग हमखास थिएटरचं उदाहरण येतं. भरल्या थिएटरात 'आग, आग' ओरडायचं स्वातंत्र्य कुणाला नसतं, वगैरे. हे गाजलं ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या १९१९ च्या एका निकालामुळे. त्यांनी 'खोटंच ओरडणं' असं लिहिलं होतं, आणि सांगणारे नेमका 'खोटंच' हा शब्द गाळतात. त्याहून गंमत म्हणजे त्या खटल्यातल्या आरोपीने काय केलं होतं? चार्ल्स शेंक हा समाजवादी पक्षाचा पदाधिकारी. पहिल्या महायुद्धातल्या सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध त्याने पत्रकं काढली होती, बस. त्याची शिक्षा कोर्टाने कायम केली. म्हणजे जबाबदारीचं हे जगप्रसिद्ध उदाहरण गाजलं ते सरकारला विरोध करणाऱ्याचं तोंड बंद करताना! पुढे १९६९ मध्ये त्याच कोर्टाने रेघ बरीच पुढे सरकवली. लगेच बेकायदा कृत्य घडावं या हेतूने दिलेली आणि तसं घडण्याची शक्यता असलेली चिथावणी असेल, तरच बोलणं रोखता येईल, असं ठरलं.

आणि खरंच आग लागली असेल तर? तेव्हा ओरडणारा जबाबदार, गप्प बसणारा बेजबाबदार.

आपल्या घटनेत कलम १९(१)(क) बोलण्याचा हक्क देतं आणि १९(२) त्यावर निर्बंध घालू देतं. पण निर्बंध 'वाजवी' हवेत. हा शब्दही सुरुवातीपासून नव्हता, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी अशी कारणांची ठरावीक यादी तिथे आहे. ती जरूर वाचा. 'आमच्या भावना दुखावल्या' हे कारण त्या यादीत सापडणार नाही. धार्मिक भावनांबद्दलचं फौजदारी कलम आहे, पण कोर्टात तेही टिकलं ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम आठवतं? कुणाला 'त्रास' किंवा 'गैरसोय' व्हावी म्हणून ऑनलाइन मजकूर पाठवला, एवढ्यावरही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. त्रास कुणाला कशाचा होईल याला काही माप आहे का? २०१२ मध्ये एका बंदविषयी फेसबुकवर लिहिलं म्हणून एका तरुणीला अटक झाली, आणि ती पोस्ट लाइक केली म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी. पहिल्या दोन्ही गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी हक्कातच येतात, असं निकालात स्वच्छ लिहिलंय. तरीही पुढे कित्येक वर्षं या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये कोर्टालाच ते ऐकून धक्का बसला.

याचा अर्थ शब्दांनी माणसं मरत नाहीत असा नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात वंशसंहार चालू असताना एका रेडिओ स्टेशनने माणसांची नावं आणि ठिकाणं हवेत सांगितली, आणि मारेकरी तिथे पोचले. तिथे बोलणाऱ्याच्या हातात माइक होता आणि ऐकणाऱ्याच्या हातात कोयता. जबाबदारी मोजायचीच तर माझ्या मते ती या अंतराने मोजावी: आवाज किती दूर पोचतो, आणि तो ऐकून कुणावर हात उचलला जाणार आहे. शब्द किती कडू आहे, हे माप नव्हे.

या मापाने मीही नापास झालोय. काही वर्षांपूर्वी मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एका माणसाचा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'काळजी घ्या' एवढं एक वाक्य जोडून. मनात काळजीच होती, खोटं सांगत नव्हतो. दोन तासांनी कळलं की फोटो भलत्याच प्रकरणातला, भलत्याच माणसाचा. तोवर तो चार ग्रुपवर गेला होता. मी खुलासा टाकला. तो कुणीच पुढे पाठवला नाही. माझ्याकडे तेव्हा ना माइक होता, ना लाखभर फॉलोअर्स. होता तो फक्त नात्याचा विश्वास, आणि तोच मी वापरला.

व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली तेव्हा मीही 'काय कटकट' म्हणालो होतो.

परवा आत्याचा मेसेज आला. तोच फोटो, वर दुहेरी बाण आणि खाली 'जागरूक राहा'. मी लिहिलं, "आत्या, हा खोटा आहे." तिचं उत्तर आलं: "अरे, पण तूच तर पाठवला होतास ना?"